तोंडावाटे काही घेतलं नाही ना?

नर्सिंगच्या पहिल्या वर्षात आम्हाला सगळ्यात आधी दोन गोष्टी शिकवल्या. हात धुणं आणि बोलणं. हात धुणं मला आठवडाभरात जमलं. बोलणं जमायला दीड वर्ष लागलं, आणि ते इतकं छान जमलं की त्याची फळं मी अजून भोगते आहे.

आमचं गाव चामोर्शीच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून जंगलात आत. घरी आजी गोंडी बोलायची. माय आणि बाबा आमच्याकडची मराठी बोलायचे, मले-तुले, काऊन, नाई. एकदा आजीला तालुक्याच्या दवाखान्यात भरती केलं होतं. बाबा औषध आणायला बाहेर गेले असताना तिला तहान लागली. ती सारखी 'येर, येर' म्हणत राहिली. येर म्हणजे पाणी. तिथल्या सिस्टरला वाटलं म्हातारी बरळते आहे, म्हणून तिनं आजीला गप्प झोपायला सांगितलं. पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर होता. बाबा परत आले तेव्हा आजीचे ओठ कोरडे पडले होते. ती बरी होऊन घरी आली, पण ही गोष्ट तिनं मरेपर्यंत सांगितली, रागानं नाही, नवल वाटल्यासारखी.

मायनं ते मनात धरलं. मी बारावी झाले तेव्हा ती म्हणाली, "तू नर्स हो. आपलं बोलनं समजनारी एक तरी पोट्टी थ्या दवाखान्यात असाले पायजे." मला नर्स करण्यामागे तिचा एवढाच हेतू होता. पांढरे कपडे, सरकारी नोकरी, मान, हे सगळं नंतर लोकांनी जोडलं.

ब्रह्मपुरीच्या नर्सिंग शाळेत पहिल्याच दिवशी मी मागच्या बाकावरून उठून म्हणाले, "मॅडम, मले फळ्यावरचं दिसून नाई राह्यलं." वर्ग खदखदून हसला. खरं तर निम्म्या मुली माझ्यासारख्याच होत्या, घरी त्याच बोलीत भांडणाऱ्या. पण आपल्याआधी दुसरीचं हसं झालं याचा आनंद वेगळाच असतो. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मले नाही, मला. पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हटलं. मग त्यांनी 'दिसून नाई राह्यलं' दुरुस्त केलं. तोवर फळा पुसूनही झाला होता.

या बाईंना मी वाईट म्हणणार नाही. डबा न आणलेल्या मुलीला त्या आपल्या डब्यातली अर्धी पोळी देत. रात्रपाळी करून आलेल्या मुलीला तासाला डुलकी लागली तर दुसरीकडे बघत. पण भाषेच्या बाबतीत त्या हट्टी होत्या. त्यांचं म्हणणं होतं की पेशंट आधीच घाबरलेला असतो, समोरची नर्स स्वच्छ बोलली की त्याला वाटतं आपण शिकलेल्या माणसाच्या हातात आहोत. आम्हाला ते पटलं. मला तर फारच पटलं. त्या वयात आपल्याला कुणी आपल्यापेक्षा मोठं करून दाखवलं की नाही कोण म्हणणार?

आमच्याकडे एक प्लास्टिकची बाहुली होती, माणसाएवढी, एका हातानं अधू. तिला आम्ही काकू म्हणायचो. काकूला आम्ही अंघोळ घातली, नळी घातली, कूस बदलली आणि तिच्याशी स्वच्छ मराठीत बोललो. "काकू, आता मी तुमचा रक्तदाब तपासणार आहे." "काकू, घाबरू नका, थोडंसं टोचेल." काकूनं कधी उलटून विचारलं नाही की बाई, म्हंजे काय?

ऑपरेशनच्या आधीची तयारी शिकवताना मॅडमनी एक वाक्य वहीत लिहून घ्यायला लावलं. तोंडावाटे काही घेतलं नाही ना? त्यांनी त्याचं कारणही नीट सांगितलं. 'काही खाल्लं का' असं विचारलं तर लोक चहा पिऊन येतात आणि नाही म्हणतात. 'काही प्यालात का' म्हटलं तर पोहे खाऊन येतात आणि तरी नाही म्हणतात. 'घेतलं' म्हटलं की दोन्ही आलं. पोट रिकामं नसताना भूल दिली तर पोटातलं वर येतं आणि फुप्फुसात उतरतं, माणूस जातो, म्हणून हा प्रश्न चुकवायचा नाही. मग त्यांनी मला उभं केलं आणि ते वाक्य सगळ्या वर्गासमोर म्हणायला लावलं, कारण तोवर माझी मराठी वर्गात सगळ्यात स्वच्छ झाली होती. मी म्हटलं. 'घेतलं' मधला प्रत्येक उच्चार जागच्या जागी. मॅडम म्हणाल्या, "असं बोलायचं." मागच्या बाकावरच्या मुलीनं मला चिमटा काढला. त्या दिवशी मी हवेत होते.

त्याच सुमाराला घरी फोन केला तर माय म्हणाली, "कोन बोलून राह्यलं?"

"अगं आई, मीच बोलते आहे."

"तू होय? मले वाटलं, बँकेतल्या बाईचा फोन आला."

ती हसली, मीही हसले. 'माय' ची 'आई' केव्हा झाली ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

कोर्स संपला. नर्सिंग परिषदेची नोंदणी झाली. वर्षभर इकडे तिकडे हात मारल्यावर एका तालुक्याच्या दवाखान्यात मला कंत्राटी जागा मिळाली. कंत्राटी म्हणजे अकरा महिने जीव मुठीत धरून काम करायचं आणि बाराव्या महिन्यात पुन्हा घेतील का म्हणून सगळ्यांशी गोड बोलायचं. माय एका बाजाराच्या दिवशी मला बघायला आली. वॉर्डाच्या दारात पिशवी धरून उभी राहिली. मी एका पेशंटला गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावत होते. नंतर बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बहुत चांगली बोलतेस. पन मले अर्धंच समजलं."

मी चिडले. "इथं असंच बोलावं लागतं." पिशवीतून तिनं वाळवलेली बोरं काढून दिली आणि चार वाजताच्या गाडीनं निघून गेली. मला नर्स कशासाठी केलं होतं, ते तिनं तेव्हा बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात एक बाई आमच्या वॉर्डात आली. वय माझ्या मायएवढं. पोटात गाठ होती, बरीच मोठी. जंगलातल्या गावाची, नवरा सोबत. दोघंही पहिल्यांदाच दवाखान्यात राहत होते आणि कुणाच्या पायात पाय येऊ नये अशा बेतानं वागत होते. ती खाटेच्या एका कडेला झोपायची, जशी दुसऱ्या कुणाची खाट असावी. मला बाई म्हणायची. तिच्या हातांवर, पायांवर गोंदण होतं, जुनं, हिरवट. माझ्या उजव्या मनगटाच्या वरही आहे. आजीनं मी सात वर्षांची असताना हट्टानं करवलं होतं, पाच ठिपके आणि एक आडवी रेघ.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी तिचा ताप बघत होते तेव्हा तिनं माझा हात धरला. ठिपक्यांवर अंगठा फिरवला.

"हे कोनं गोंदलं, बाई?"

"असंच," मी म्हणाले, "हौस म्हणून."

"कोन्या गावची तू?"

"ब्रह्मपुरीची."

खोटं इतक्या सहज आलं की मला स्वतःलाच खरं वाटलं. शेजारच्या खाटेवर एका मास्तरांची बायको होती, दारात दुसरी सिस्टर उभी होती. त्यांच्यासमोर मला जंगलातली व्हायचं नव्हतं. एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर मला स्वतःला माफ करणं सोपं गेलं असतं.

तिनं माझा हात सोडला आणि नुसती हसली. मी तिला सांगितलं, "उद्या सकाळी ऑपरेशन आहे. आज रात्री बारानंतर तोंडावाटे काही घ्यायचं नाही. काय सांगितलं मी?"

पेशंटकडून वदवून घ्यायचं, हेही आम्हाला शिकवलं होतं.

"काई घ्याचं नाई," ती म्हणाली.

"शाब्बास," मी म्हणाले. माझ्या मायच्या वयाच्या बाईला.

सकाळी सातला मी कामावर आले. दवाखान्याच्या मागे नातेवाईक तीन विटांच्या चुली मांडून स्वयंपाक करत. धूर खिडकीतून आत येई. मी तिच्या खाटेजवळ गेले. नवरा पायथ्याशी उभा होता, हातात धुतलेला रिकामा गिलास. मी तो गिलास पाहिला. आजही मला तो डोळ्यांसमोर दिसतो, कडेला चेपलेला स्टीलचा गिलास. पाहिला आणि माझ्या मनात काही आलं नाही.

"तोंडावाटे काही घेतलं नाही ना?"

ती नवऱ्याकडे बघायला लागली. मग माझ्याकडे. आणि मान हलवली.

"नाई, बाई. काई घेतलं नाई."

मी कागदावर उपाशी या शब्दापुढे बरोबरची खूण केली, सही केली, जाऊन गाऊन आणला आणि तिला घातला. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत मीच घेऊन गेले. आत जाताना ती म्हणाली, "येतो, बाई." आमच्याकडे बायका असंच बोलतात, येतो, जातो. तेवढ्यापुरता मला माझ्या गावाचा वास आला आणि मी 'या' म्हणाले.

अर्ध्या तासात आतली सिस्टर धावत बाहेर आली. भूल दिल्याबरोबर पोटातलं वर आलं होतं. पांढरं, पातळ, तांदळाचं. श्वासनळीत गेलं होतं. मग जी धावपळ झाली ती मी लिहिणार नाही. डॉक्टरांनी मला विचारलं, "विचारलं होतंस ना?" मी म्हणाले, "हो सर. काल सांगितलं होतं, आज विचारलं. नाही म्हणाली." ते खरंच होतं. त्यांनी कागद पाहिला, माझी सही पाहिली. खाली लिहिलं, पेशंट व नातेवाइकांनी सूचनेचं पालन केलं नाही.

तिला रुग्णवाहिकेनं चंद्रपूरला हलवलं. चौथ्या दिवशी ती गेली.

दहाएक दिवसांनी तिचा नवरा एका कागदासाठी आला. काम झाल्यावर गेला नाही, वॉर्डाच्या दारात उभा राहिला, माय उभी होती तिथंच. मला पाहून पुढे आला.

"बाई, मीच तिले पेज पाजली. तांदळाच्या कनकीची. पाटंच शिजवली, थंडी केली अन् पाजली. म्हनलं, एवढ्या मोठ्या कामाले उपाशी कशी जाईन. डॉक्टर म्हनतेत, तुमाले सांगतलं होतं, तुमी ऐकलं नाई. पन बाई, सांगतलेलं तिनं ऐकलं नाई, असं कदी झालंच नाई. मंग मीच मारलं का तिले?"

तो मला विचारत होता. खरंच विचारत होता, उत्तर मिळेल म्हणून उभा होता. त्या वेळेपर्यंत मला कळलं होतं का? पूर्ण नाही. पण काहीतरी खुपत होतं आणि ते काय आहे हे बघायची माझी हिंमत नव्हती. अकरा महिने संपायला तीन आठवडे उरले होते.

"असं होतं कधी कधी, काका," मी म्हणाले.

काका. आमच्याकडे त्याला भाऊ म्हणतात. त्यानं मान हलवली आणि निघून गेला.

दोन महिन्यांनी, कंत्राट पुन्हा मिळाल्यावर, चार दिवसांच्या सुटीवर घरी गेले. माय अंगणात भात पाखडत होती. मी शेजारी बसून तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, आणि शेवटी म्हणाले, "मी आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं, सकाळी विचारलंही होतं. तोंडावाटे काही घेतलं का म्हणून. ती नाही म्हणाली."

सूप मायच्या हातात थांबलं.

"घेतलं म्हंजे?"

"म्हणजे घेतलं का काही."

"काय घेतलं? बाजारातून?"

ती समजावायला लागली, लहान पोराला सांगतात तशी. "गोळी घेतेत. औषध घेतेत. लुगडं घेतेत. पेज कोन घेते वो? पेज तं पेतेत." मग सूप खाली ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर राग असता तर मी सहन केला असता. तिला नवल वाटलं होतं, आजीला वाटायचं तसं.

"तुले मालूम नोव्हतं?"

मला माहीत होतं. अठरा वर्षं मी त्याच अंगणात पेज प्याले होते. कोणत्याही उन्हाळ्यात, कोणत्याही कामाला निघायच्या आधी, आजीच्या हातून, मायच्या हातून. मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं की पेज पितात. ब्रह्मपुरीच्या मॅडमना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. डॉक्टरांना नव्हतं. त्या अख्ख्या दवाखान्यात ते माहीत असणारी मी एकटी होते, आणि मला तिथं पाठवलंच होतं त्यासाठी.

मी गावाहून परत जाण्याआधी त्या बाईच्या नवऱ्याच्या गावी गेले. जीपनं अर्धा रस्ता, पुढे पायी. तो घरासमोर बांबूच्या कामट्या काढत बसला होता. साडीत त्यानं मला ओळखलं नाही. मी सांगितलं, दवाखान्यातली. त्यानं घाईनं उठून खाट टाकली. आतून सुनेनं पाणी आणलं.

येताना मी वाटेत वाक्यं जुळवली होती, पण तोंड उघडलं आणि ती आठवली नाहीत. बरं झालं. मी म्हणाले, "भाऊ, तुमची काई चूक नाई. तुमी तिले मारलं नाई. मी बराबर विचारलंच नाई. पेज पेली का, असं विचाराले पायजे होतं. मले मालूम होतं, तरी मी नाई विचारलं. माही चूक होय. मी इकडचीच होय, ब्रह्मपुरीची नाई."

तो बराच वेळ कामटी तासत राहिला. ओरडेल, जा म्हणेल, असं मला वाटत होतं. मी त्यासाठीच आले होते, खरं सांगायचं तर.

"इकडची होय, हे तिले मालूम होतं," तो म्हणाला.

माझा हात आपोआप मनगटावरच्या ठिपक्यांवर गेला.

"गोंदन पाहून वळखलं तिनं. संध्याकाळी मले सांगे, पोट्टी आपलीच होय, पन लोकांपुढं लाजून राह्यली. लाजू दे म्हने, तिची नोकरी आहे." त्यानं कामटी बाजूला ठेवली. "दुसऱ्या दिवशी सकाळी तू विचारलं, तवा मलेबी समजलं नाई. तिलेबी नाई समजलं. तू गेल्यावर मी म्हनलं, घेतलं म्हंजे काय वो? विचार नं तिले पुन्हा, आपलीच तं होय. तं थे म्हने, नोको. पुन्हा विचारलं तं तिले वाईट वाटन. बिचारी एवढी शिकून आली अन् आपल्याले तिचं बोलनं समजलं नाई, असं होईन."

मी त्याच्या खाटेवर बसून रडले. त्यानं मला रडू दिलं. मग सुनेला हाक मारून त्यानं काहीतरी सांगितलं, आणि ती एक गिलास घेऊन आली. तोच, कडेला चेपलेला.

"पेज पेतेस का, पोरी?" त्यानं विचारलं. "दूर जायचं आहे तुले."

"पेतो, भाऊ," मी म्हणाले.